दामोदरजींनी मिळवलेली सवलत

दामोदरजी हटवार सभेत विष चाटून दाखवत. डीडीटीची नाहीतर बीएचसीची पुडी खिशातून काढायची, चिमूटभर पावडर तळहातावर घ्यायची, सगळ्यांना दिसेल असा हात फिरवायचा आणि जिभेवर ठेवायची. मग तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचं आणि धोतराच्या सोग्यानं मिशा पुसत विचारायचं, "का जी, मेलो का मी? अन् हे सरकार म्हणते, हे तिखटमिठाच्या बाजूला ठेवू नोका." लोक हसत. टाळ्या वाजवत. तुमसरच्या बाजारात औषधं विकणारे आम्ही सगळे त्या हसण्यात असायचो. औषध म्हणजे धानावरच्या किडीचं औषध. आमच्याकडे विषाला औषधच म्हणतात.

त्याच दामोदरजींच्या घरचे गहू मात्र राखेत आणि कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेले असत. हे मला त्यांच्या बायकोनंच, म्हणजे राधाबाईंनी, एकदा गहू निवडता निवडता सहज सांगितलं. "हे म्हणतात, घरच्या धान्याले पावडर लावाची नाई." त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. मला वाटलं, पण माणूस म्हणून दामोदरजी मला तोवर वाईट वाटत नव्हते.

त्याला कारण होतं. माझे यजमान कावीळ होऊन गेले तेव्हा आमचं कृषी केंद्र होतं बसस्टँडच्या मागे. बियाणं, फवारणीचे पंप, औषधं. दुकान चांगलं चालायचं, पण लायसन त्यांच्या नावावर. किडीच्या औषधांचा कायदा तोवर आमच्या जिल्ह्यापर्यंत चांगलाच पोचला होता आणि लायसनशिवाय डबा विकणं गुन्हा होता. लायसन माझ्या नावावर करून घ्यायला मी भंडाऱ्याच्या चकरा मारायला लागले. आज मृत्यूचा दाखला, उद्या वारसाचा, परवा दुकानाचा नकाशा. नकाशा नेला तर त्यावर सही हवी, सही नेली तर शिक्का हवा. एका कारकुनानं तर विचारलं, "बाई, तुम्ही स्वतः बसणार दुकानात? विषारी मालाचा अनुभव आहे का तुम्हाला?" मी लग्न होऊन आल्यापासून त्याच डब्यांच्या वासात स्वयंपाक करत होते. पण तसं लिहून देणारा दाखला कुठल्या कार्यालयात मिळतो ते मला ठाऊक नव्हतं. तोवर पेरणी होऊन गेली, रोवणा, म्हणजे धानाची लावणी, होऊन गेला. दुकान बंदच.

एक दिवस दामोदरजींची जीप दारात उभी राहिली. मागे राधाबाई बसल्या होत्या. विधवेला एकटीला घेऊन जायचं नाही, एवढी समज त्यांना होती. मोहाडी, वरठी करत आम्ही भंडाऱ्याला गेलो. दामोदरजी सरळ साहेबांच्या खोलीत शिरले. "साहेब, ह्या बाईचा नवरा गेला, ते तुमाले पटलं का नाई? का त्याले परत बलावून सही घ्याची हाय?" साहेब आधी चिडले, मग ओशाळले. त्या दुपारी लायसन माझ्या हातात होतं. परतीच्या वाटेवर वरठीला चहा घेताना दामोदरजींनी मला त्यांचं आवडतं वाक्य ऐकवलं. "वहिनी, कायदा बांधासारखा पायजे. पानी अडलं पायजे, मानूस नाई." आणि बशीतला चहा संपवून म्हणाले, "आता तुमी आमच्या."

बांधाचं वाक्य मला फार आवडलं होतं. दुसऱ्या वाक्याकडे माझं लक्ष गेलं नाही.

दामोदरजींची तांदळाची गिरणी होती, धानाची आडत होती आणि शेजारीच औषधांचा ठोक व्यापार. आसपासच्या गावांतले किरकोळ दुकानदार त्यांच्याकडूनच माल उचलत. व्यापारी मंडळाचे ते अध्यक्ष होते. निवडणूक अशी कधी झालीच नाही. खुर्ची ठेवली की ते बसत. उंच, गोरे, पांढरंशुभ्र धोतर, आवाज कधी चढवायचा नाही. कुणाच्या घरी लग्न असो, मयत असो, दामोदरजी हजर. आणि कुठल्याही गोष्टीवर त्यांच्याजवळ एक तयार बोल असे. इन्स्पेक्टरबद्दल म्हणत, "गायीले गोचीड लागते, धंद्याले इन्स्पेक्टर." रजिस्टरांबद्दल म्हणत, "मी दुकानदार हाव का कारकून? एक काय ते सांगा." बोल खरे असत, तीच तर पंचाईत होती. आमच्यासारख्या लहान दुकानदाराला त्या कागदांनी खरोखर पिळून काढलं होतं. त्या पिळवटलेल्या लोकांचा आवाज म्हणून दामोदरजी बोलत, आणि त्या आवाजात स्वतःचं काम करून घेत.

कायद्यातली एक अट अशी होती की विषारी औषधं खाण्याच्या धान्यापासून वेगळ्या गोदामात ठेवायची. मध्ये भिंत हवी, वारा खेळता हवा, कुलूप हवं. मी आमचा गोठा मोकळा केला. गाय विकली, खाली फरशी घातली, वर झरोके पाडले आणि डबे तिकडे नेले. दुभती गाय होती. तिच्या मागून काही दिवस मला चहा गोड लागला नाही. पण अट मला पटली होती. द्रव औषधांच्या डब्यांवर लाल त्रिकोण असतो; तो डबा गळाला तर घरभर कसा उग्र लसणासारखा वास सुटतो आणि डोकं कसं भणभणतं, हे मी अनुभवलं होतं.

दामोदरजींना ही अट सगळ्यात जास्त टोचत होती, कारण त्यांचा माल मोठा. गिरणीच्या गोदामात तांदळाच्या चुंगड्या, म्हणजे पोती, आणि औषधाचे खोके एकाच छपराखाली असत. वेगळं गोदाम बांधायचं तर धानाची तेवढी जागा जाणार. इन्स्पेक्टर काही देवमाणूस नव्हता. पाकीट घ्यायचा. पण पाकीट घ्यायला तो न सांगता यायचा, आणि जितकं जास्त सापडेल तितकं त्याचं पाकीट जड. त्या भीतीनं का होईना, दामोदरजींचे नोकर खोके एका कोपऱ्यात लावून ताडपत्री टाकून ठेवत. तेवढं अंतर तरी राहायचं.

मग जिल्ह्याला नवे साहेब आले. तरुण, हसतमुख, इंग्रजी वर्तमानपत्र वाचणारे. कारभार सुटसुटीत करायचा, व्यापाऱ्याला चोर समजायचं नाही, असं ते म्हणत. त्यांनी तुमसरला आमची सभा घेतली. दामोदरजींनी मागण्या मांडल्या. दर लहानसहान बदलाला नवं लायसन नको. वारसाला लायसन सरळ मिळावं. तपासणीला येण्याआधी आठवडाभर कळवावं. आणि वेगळ्या गोदामाची अट सध्या बाजूला ठेवावी. व्यापाऱ्यानं स्वतःच लिहून द्यावं की माल नीट ठेवला आहे, सरकारनं ते मान्य करावं. हे सगळं त्यांनी एका दमात, एका गाठोड्यात बांधून सांगितलं. वारसाचं बोलताना त्यांनी हात माझ्याकडे केला. "ह्या आमच्या वहिनी इथं बसल्या आहेत. यांचे हाल पाहा साहेब." सगळ्यांनी वळून माझे हाल पाहिले.

मी उभी राहिले. सभेत बाई मी एकटीच होते. मी म्हटलं, "कागद कमी करा, आमचं भलं होईल. पण गोदामाची अट राहू द्या. कागद आमचा वेळ खातो. भिंत काढली तर माणूस मरेल."

दामोदरजी माझ्याकडे पाहून हसले, अगदी प्रेमानं. "वहिनींकडे माल कमी अन् जागा जास्त. आमच्याकडे उलटं हाय जी."

सभागृह खदखदून हसलं. साहेबही हसले. मी खाली बसले. मग दामोदरजींनी खिशातून पुडी काढली, पावडर चाटून दाखवली आणि सवलत मंजूर झाली.

माझ्या वाट्याला त्या सवलतीतून काय आलं ते सांगितलं पाहिजे. लायसनचं नूतनीकरण एका फेरीत होऊ लागलं. नकाशा, शिक्के सुटले. ते दिवस दुकानदार म्हणून मला सोपे गेले. दामोदरजींच्या गोदामात ताडपत्री निघाली. इन्स्पेक्टर येणार हे आठवडाभर आधी कळायचं, मग दोन दिवस खोके हलायचे, तो गेला की परत. पुढे तेही बंद झालं, कारण लिहून दिलेलं असल्यावर तपासायला कोण येतो. माल वाढला तसे खोके तांदळाच्या थप्पीवर चढले.

गिरणीत सायत्रा नावाची बाई झाडलोटीला होती. तिचा नवरा महादेव तिथंच हमाल. सांडलेली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, झाडून घरी न्यायची मुभा झाडणाऱ्या बायांना होती. दामोदरजी ती मुभा मोठ्या मनाचं काम म्हणून सांगत. "आमच्या गिरणीत कोनी उपाशी राहत नाई." श्रावण संपत आला होता. हे दिवस आमच्याकडे वाईट. जुनं धान संपलेलं, नवं अजून बांधीत, शेतातच, हिरवं. सायत्रानं नेलेल्या कनकीचा भात त्या दिवशी सकाळी तिच्या घरी शिजला आणि उरलेली कनकी तिनं शेजारणींना वाटली.

दुपारच्या आत वस्तीतली माणसं बैलगाडीतून सरकारी दवाखान्यात आली. तोंडाला फेस, घामानं चिंब, अंग उडत होतं. पटकी असेल म्हणून लोक दूर उभे होते. तिथले डॉक्टर नवेच होते. त्यांनी महादेवची पापणी वर करून पाहिली, बाहुली मोहरीएवढी बारीक झाली होती. "हे हगवणीचं नाही, हे औषध पोटात गेलंय," असं म्हणून त्यांनी एका माणसाला माझ्या दुकानात पाठवलं, गावात कुठली द्रव औषधं विकली जातात ते विचारायला. मी डबेच घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टर इंजेक्शनं देत होते आणि इंजेक्शनं संपत आली होती.

तेवढ्यात दामोदरजी आले. त्यांनी डॉक्टरांना विचारलं, काय हवं. भंडाऱ्याहून इंजेक्शनं हवीत, असं कळल्यावर ड्रायव्हरला बाजूला सारून ते स्वतः जीपमध्ये बसले आणि तो खड्ड्यांचा रस्ता त्यांनी अशा वेगानं तुडवला की जीपची पुढची पाटी परत येताना वाकलेली होती. त्या इंजेक्शनांनी शेजारची माणसं वाचली. महादेव आणि त्याची म्हातारी आई मात्र ती पोचण्याआधीच गेली होती. सायत्राला काही झालं नव्हतं. सगळ्यांना वाढून झाल्यावर तिच्यासाठी भात उरलाच नव्हता.

दामोदरजी सायत्राजवळ जमिनीवर बसले. धोतर मळलं, त्यांनी पाहिलं नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं होतं, असंच मला आजही वाटतं. सरणाची लाकडं, गाडी, सगळं त्यांनी केलं. हे सगळं मी माझ्या मनाविरुद्ध लिहिते आहे, पण घडलं तसं लिहायला हवं.

त्याच संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी त्यांचे मुनीम सदाशिवराव माझ्या दारात बैलगाडी घेऊन उभे राहिले. गाडीत औषधाचे खोके. "भाऊंनी सांगतलं, वहिनीच्या गोदामात ठेवाचे." मी खोक्यांकडे पाहिलं. एका डब्याच्या बुडाला खिळा लागून भोक पडलेलं होतं, डबा तेलकट झाला होता आणि त्या ओलीला कनकीचे दाणे चिकटले होते. सदाशिवरावांनी मला ते दाणे पाहताना पाहिलं आणि मान फिरवली. मी काही बोलायच्या आत हमालांनी खोके अंगणात उतरवले आणि गाडी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायत्राच्या वस्तीत जाऊन आले. परत येते तर दामोदरजी दुकानाच्या बाकावर बसलेले.

"वहिनी," ते म्हणाले, "चौकशी येऊन राहिली. तुमाले एकच सांगाचं हाय. हटवारांचा औषधाचा माल पयलेपासून तुमच्या गोदामात असते, एवढंच."

"पण नसतो ना जी."

"आता हाय ना."

"कालपासून."

"तारीख कोन विचारते?"

मी विचारलं, "मग कनकीत विष आलं कुठून, म्हणून विचारतील. त्यांना काय सांगू?"

"ते आमी पाहू. गरीब लोक हायेत. रिकामे डबे उचलून नेतात, त्यात पानी भरतात. किती सांगा, आयकत नाई."

"सायत्राच्या घरून येतेय मी आत्ता. दोन मडकी आहेत आणि भात शिजवायचा एक जर्मलचा गंज. डबा नाही तिच्या घरात."

दामोदरजी बाकावर थोडे पुढे सरकले. त्यांना माझा राग आला नव्हता. समजावून सांगायचं राहिलं आहे, अशा चेहऱ्यानं ते बोलू लागले. "गेले ते गेले, वहिनी. मले का दुःख नाई? पन ही गोष्ट वर गेली तं सवलत जाईन. पुन्हा ते शिक्के, ते नकाशे, ते इन्स्पेक्टर. किती दुकानं बंद पडतीन? तुमचंच पयले पडन. आता बाजार मरू देऊ नोका."

"बाजार मरत नाही, दामोदरजी. तुम्हाला भिंत बांधावी लागेल फक्त."

"लायसन कोनं आणून देलं होतं तुमाले?"

"तुम्ही."

"मंग?"

 इतक्या वर्षांनी ते चहाच्या बशीतलं 'आता तुमी आमच्या' कशाबद्दल होतं ते मला त्या क्षणी कळलं. मी म्हटलं, "लायसन परत न्यायचं असेल तर न्या. पण आधी हे डबे न्या."

त्यांनी डबे नेले. जाताना उंबऱ्यात थांबून म्हणाले, "वहिनी, एकट्या मानसानं खरं बोलू नये. त्याले परवडत नाई."

चौकशीला दोन अधिकारी आले. मी जे पाहिलं ते सांगितलं. मंडळाच्या व्यापाऱ्यांनी एकामागून एक सांगितलं की दामोदरजींचा औषधाचा माल नेहमी वेगळ्या खोलीत असतो. अधिकारी ती खोली पाहायला गेले, मीही मागोमाग गेले. गोदामाच्या मधोमध नवीकोरी भिंत उभी होती. थोरल्या अधिकाऱ्यानं भिंतीला हात लावला. ओला चुना तळहाताला लागला. त्यानं हात पाहिला, भिंत पाहिली, मग खिशातून रुमाल काढून हात पुसला आणि म्हणाला, "ठीक आहे." एवढी वर्षं माझ्यासमोर किती खोटं बोललं गेलं असेल, पण त्या रुमालाइतकी चीड मला कशाची आली नाही.

निष्कर्ष निघाला तो दामोदरजींनी सांगितला तोच: औषधाचा रिकामा डबा घरकामाला वापरल्यामुळे अपघात. त्या कागदावर सायत्राचा अंगठा घेतला. महिनाभरात दामोदरजींनी तिला गिरणीमागे टिनाची खोली बांधून दिली. वर्तमानपत्रात एवढुशी बातमी आली, त्यात सायत्राचं नाव नव्हतं, दामोदरजींच्या औदार्याचं मात्र होतं. ती परत त्याच गिरणीत झाडू लागली. एकदा बाजारात भेटली तेव्हा मी तिला म्हटलं, माझ्याकडे ये कामाला. ती म्हणाली, "बाई, तुमच्या दुकानात आता गिऱ्हाईक तं दिसत नाई. मले कोठून देसान?"

ते खरंच होतं. ठोक व्यापाऱ्यांनी मला माल देणं थांबवलं होतं. माझ्या औषधात पाणी असतं, असं गावोगाव पसरलं. ज्यांच्याकडे रोज चहा व्हायचा त्या दुकानांतल्या बायका मला पाहून आत जाऊ लागल्या. मी नागपूरहून थोडा थोडा माल आणायचे, तो एसटीच्या टपावर चढवू देत नसत म्हणून ट्रकवाल्यांच्या पाया पडायचे. पंपाचे वॉशर, फवारणीचे नोझल विकून दुकान धरून ठेवलं. दामोदरजींनी माझं लायसन मात्र कधीच अडवलं नाही. वाटेत भेटले की तसेच हसत. "बरं हाय ना वहिनी?" त्या हसण्यात काहीही नसायचं, रागसुद्धा नाही, आणि तेच मला सहन होत नसे. ज्याचं नुकसान करायचं त्याचा निदान राग तरी यावा.

मग भोपाळ झालं. सगळा देश हादरला आणि तुमसरच्या बाजारालाही अचानक विषाची आठवण आली. वरून फर्मानं सुटली. तालुक्यात सुरक्षा समिती नेमली, तिचे अध्यक्ष अर्थातच दामोदरजी हटवार. पहिल्या सभेत त्यांनी भाषण केलं. "सुरक्षा पयले, धंदा मंग." ते असंही म्हणाले की वेगळ्या गोदामाचा आग्रह त्यांनी कायमच धरला होता. टाळ्या झाल्या. त्याच सभागृहात, त्याच माणसांनी वाजवल्या. आणि गंमत अशी, की पुन्हा सुरू झालं ते कागदांपासून. रजिस्टर तीन प्रतींत, नकाशा नव्यानं, शिक्का, सही. दामोदरजींनी त्यासाठी एक कारकून ठेवला. मी दुकान बंद करून भंडाऱ्याला जाऊ लागले. माझ्या गोठ्यातले झरोके पाहायला तेव्हाही कुणी आलं नाही. सवलत असो की सक्ती, तिच्या दोन्ही टोकांना दामोदरजीच बसलेले होते.

त्यांच्या गिरणीतली ती ओल्या चुन्याची भिंत मात्र राहिली. खोटं लपवायला बांधलेली, पण पक्की बांधलेली. तिच्या पलीकडे औषधं, अलीकडे तांदूळ. त्यानंतर त्या गिरणीतल्या कनकीनं कुणी मेलं नाही. म्हणजे बांधता येत होती. एका रात्रीत बांधता आली होती, एवढी सोपी होती.

दामोदरजी गेले ते दम्यानं. शेवटची दोन वर्षं त्यांना गिरणीची धूळ सोसत नसे. मी भेटायला गेले नाही. राधाबाईंसाठी जावंसं वाटलं होतं, पण त्या खोलीत बसून "बरं वाटेल" असं म्हणणं माझ्याच्यानं झालं नसतं. त्यांच्या अंत्ययात्रेला बाजार पूर्ण बंद होता. मी दुकान उघडं ठेवलं नाही. उगाच राधाबाईंच्या कानावर जायला नको म्हणून फळ्या लावून आत बसून राहिले.

तेराव्यानंतर मार्केट यार्डात मंडळानं शोकसभा ठेवली. मी गेले. का गेले, ते मला सांगता येत नाही. बहुधा ते काय काय बोलतात ते ऐकायला. बरंच बोलले. सवलतीचं बोलले, भोपाळनंतरच्या समितीचं बोलले, इंजेक्शनांसाठी जीप पळवली त्याचं तर तिघे बोलले. ती इंजेक्शनं कशासाठी लागली होती, हे कुणाच्या भाषणात आलं नाही. महादेव गेला त्या दिवशी हा बाजार एक तासही बंद राहिला नव्हता. त्याच्या आईचं नाव काय होतं, हे तिथं जमलेल्यांपैकी एकालाही सांगता आलं नसतं. गिरणीच्या बायांबरोबर सायत्रा मागे उभी होती, पदर डोक्यावरून घट्ट ओढून.

शेवटी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, दोन मिनिटं स्तब्ध उभे राहू. खुर्च्या सरकल्या. सगळं यार्ड उभं राहिलं. मी बसून राहिले. आजूबाजूला पांढऱ्या धोतरांचं आणि पॅंटींचं रान झालं, त्यात मी एकटी खाली. मला समोरचं काही दिसत नव्हतं. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, "वहिनी, उठा." मी उठले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दुकानात आले. भला माणूस, माझ्या यजमानांचा दोस्त. बहिष्काराच्या दिवसांतही मान खाली घालून का होईना, नमस्कार करायचा. बाकावर बसला, पाणी प्याला, इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "लोक बोलून राहिले कालचं. मी म्हटलं त्याइले, वहिनींचे पाय दुखत असतीन. दुखत होते ना जी?"

मी वॉशरचा खोका पुसत होते. तो माझ्यासाठी वाट काढत होता, हे मला कळत होतं.

"नाही भाऊ," मी म्हटलं. "माझे पाय चांगले आहेत."